मोठे बाबा आणि दीड फुटाचं वळण

रेल्वेची गोष्ट म्हटलं की तुम्ही सावरून बसता, मले माहीत आहे. आता धूर निघेल, शिट्टी वाजेल, कुल्हडात चहा येईल अन् शेवटी फलाटावर कोणीतरी रुमाल हलवत उभं राहील, असं तुमच्या मनात येऊनच राहिलं असेल. तर तसं काही नाही. या गाडीले धूर नाही, फलाट पुठ्ठ्याचा आहे, अन् त्या फलाटावर उभा असलेला एकुलता एक प्रवासी मागच्या दिवाळीत उंदरानं नेला. ज्यांले खिडकीपाशी बसून उदास व्हायचं असेल त्यांनी दुसरी गाडी पाहावी. इथं गोष्ट आहे एका वळणाची, अन् ते वळण टाकणाऱ्या आमच्या मोठे बाबांची, ज्यांच्याएवढा वळणातला जाणकार साऱ्या छत्तीसगढात दुसरा नाही. हे मी नाही म्हणत. हे तेच म्हणतात, रोज म्हणतात, अन् जेवताना म्हणत असले तर वरणाचे शिंतोडे समोरच्याच्या ताटापर्यंत येतात.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. आमच्याकडे काका म्हणायची पद्धत नाही. बाबापेक्षा मोठा तो मोठे बाबा अन् त्यांची बायको ती मोठी आई, घाईत मोठ्याई. मोठे बाबा भिलाईच्या स्टील प्लांटच्या आतल्या रेल्वेत होते. बाहेरच्यांले वाटते की प्लांटमध्ये नुसतं लोखंड बनते. पण आत एक अख्खी रेल्वे आहे, फक्त तिच्यात तिकीट नाही, खिडकी नाही अन् प्रवासी नाही. भट्टीतून निघालेला लोखंडाचा रस भल्यामोठ्या हंड्यांमध्ये भरतात, ते हंडे बुटक्या वॅगनवर बसवलेले असतात, अन् एक इंजिन ती आग ओढत एका शॉपातून, म्हणजे कारखान्याच्या एका विभागातून, दुसऱ्या शॉपात नेते. त्या इंजिनाच्या मागंपुढं झेंडी घेऊन चालण्यात मोठे बाबांची सारी नोकरी गेली. जागा कमी, शॉप एकमेकांले खेटून, म्हणून तिथली वळणं एकदम आखूड. "कुत्रं बसायच्या आधी जेवढं गोल फिरते ना बे," मोठे बाबा सांगतात, "तेवढ्या जागेत आमी गाडी फिरवत होतो. तेही आगीची गाडी. अन् तुमाले स्कूटी नाही वळवता येत!"

नोकरी सुटली, झेंडी सुटली नाही. माझी स्कूटी त्यांच्या फाटकातून कधीच एकटी बाहेर निघत नाही. मी चावी फिरवली की मोठे बाबा बनियनवर येतात, खांद्यावरचा लाल गमछा हातात घेतात अन् "सेट बॅक, सेट बॅक, हळू, हळू, डेड स्टॉप!" असं ओरडत मले रस्त्यावर आणून सोडतात. गल्लीतल्या पोरांले वाटते मी ट्रक चालवून राहिलो. एकदा ताईच्या, म्हणजे त्यांच्या पोरीच्या, लग्नात नवरदेवाची फुलं लावलेली गाडी मागं घ्यायची होती. ड्रायव्हर बिचारा सरळ घेऊन राहिला होता. मोठे बाबा सासरे म्हणून फेटा बांधून उभे होते. त्यांच्यानं राहवलं नाही. त्यांनी फेट्याचा शेमलाच झेंडीसारखा हलवाले सुरुवात केली अन् गाडी बरोब्बर डीजेवाल्याच्या जनरेटरवर नेऊन घातली. नागिन डान्स करणारे लोक अंधारात जमिनीवर तसेच पडून राहिले. मोठे बाबांनी शांतपणे फेटा नीट केला अन् म्हणाले, "ड्रायव्हरनं सिग्नल नाही पाळला."

त्यांचं असंच असते. चूक नेहमी दुसरीकडे निघते. प्लांटचं मरोद्याचं क्वार्टर सोडून हे लोक स्मृति नगरच्या स्वतःच्या घरात आले तेव्हा लोखंडी अलमारी वर न्यायची होती. हमाल म्हणाले, साहब, नहीं मुड़ेगी. मोठे बाबांनी जिन्याच्या वळणाकडे एक डोळा मिटून पाहिलं अन् हुकूम दिला, "चढवा." अलमारी चढली, वळणावर आडवी झाली अन् बसली. वर मोठ्याई, खाली आम्ही, मधात अलमारी. मोठ्याईनं वरूनच पोळ्या लाटून टोपलीत दोरीनं खाली सोडल्या, कारण गॅस वर होता अन् खाणारे खाली. शेवटी वेल्डरले बोलावून अलमारीचे पाय कापले. जिन्याच्या भिंतीले आजही हातभर खाच आहे. पाहुणे विचारतात, तर मोठे बाबा त्या खाचेवरून प्रेमानं हात फिरवतात अन् सांगतात, "बिल्डरले वळण नाही समजलं."

मी त्यांची नक्कल करतो, हे आता सांगून टाकतो. मी बी.कॉम. झालो अन् कॉम्पिटिशनची तयारी करून राहिलो, म्हणजे घरीच आहे. पण आवाज काढतो. स्टेशनवरची अनाउन्समेंटवाली बाई, कोचिंगवाले सर, भाजीवाला, अन् सगळ्यात जास्त मागणी असलेले मोठे बाबा. त्यांच्या आवाजात मी "डेड स्टॉप!" म्हटलं की त्यांचा कुत्रा चालता चालता थांबते.

रिटायर झाल्यावर लोक चारधामले जातात. मोठे बाबांनी ताईची खोली घेतली. ताई लग्न होऊन नागपूरले गेली, तिचा पलंग मोठे बाबांनी उभा करून भिंतीले टेकवला अन् खोलीभर प्लायवूड टाकून त्यावर खेळण्यातली रेल्वे मांडली. खेळणं म्हटलेलं त्यांले चालत नाही. "मॉडेल," असं म्हणायचं. सकाळचा चहा झाला की ते आत जातात अन् दार लावून घेतात, ते जेवाले बाहेर निघतात, परत आत. बाहेरून नुसतं कुईंऽऽ असं ऐकू येते अन् मधूनच खडखड, अन् मग मोठे बाबा कोणाले तरी शिव्या देतात. आत दुसरं कोणी नसते.

आता खरी भानगड अशी झाली की मोठे बाबांले गाडी पाहिजे होती लंबी. कोणी म्हटलं की प्लांटमधल्यासारखे बुटके वॅगन घ्या, वळणावर त्रास नाही, तर ते भडकले. "जिंदगीभर बुटकेच पायले बे! आता मले लंबे डबे पाहिजे. आजकालच्या मेल गाड्याले लागतात ना, लाल-लाल, तसे." मागवले. सहा आले. एकेक डबा वीतभर अन् वर दोन बोटं, जवळजवळ अकरा इंच. दिसाले असे देखणे की मी पण पाहत राहिलो. पण त्या देखण्या डब्यांसाठी मोठे बाबांनी वळण टाकलं ते मात्र प्लांटचं. प्लायवूडमध्ये खिळा ठोकला, खिळ्याले दीड फुटाची सुतळी बांधली, सुतळीच्या टोकाले पेन्सिल, अन् फिरवला गोल. त्याच रेघेवर रूळ वाकवून ठोकले.

मले यातलं काही समजत नव्हतं. पण मोबाईल आहे, रिकामा वेळ आहे, तर मी पायलं. जगभरचे म्हातारे यावरच भांडून राहिले होते. सार एवढंच की डब्याची जेवढी लांबी, तिच्या कमीत कमी तिप्पट सुतळी पाहिजे. चौपट असली तर गाडी वळताना शोभते. अकरा त्रिक तेहतीस, म्हणजे पावणेतीन फूट. मोठे बाबांची दीड. मी पेन्सिल घेऊन त्यांले दाखवलं पण. लंबा डबा आखूड वळणावर गेला की चाकं रुळावर राहतात, पण त्याचं पोट वळणाच्या आत घुसते अन् दोन्ही टोकं बाहेर निघतात. बुटक्या वॅगनले पोटच नसते, म्हणून प्लांटमध्ये हे कधी कोणाले दिसलंच नाही.

"डबा आहे का नवरी आहे, कंबर लचकवाले?" मोठे बाबा म्हणाले.

"मोठे बाबा, सारे लोक म्हणून राहिले."

"कोण सारे? त्या यूट्यूबवाल्यानं कधी आगीचा हंडा ओढला का? विचार त्याले. हंडा सांडला तं पळाले किती जागा लागते, हे विचार."

तो यूट्यूबवाला जर्मनीत होता, त्याले कुठं विचारू? गाडी सुरू झाली. पहिल्याच फेऱ्यात डब्याच्या टोकानं पुठ्ठ्याचा सिग्नल पाडला. मोठे बाबा म्हणाले, सिग्नलची जागा चुकली, सिग्नल उपटला. डब्याच्या पोटानं बोगद्याची भिंत खरवडली. बोगदा अरुंद झाला, बोगदा काढला. स्टेशनचं छत गेलं. झाडं गेली. वळणाच्या बाजूचं सारं गाव एक-एक करून उठलं, पण वळण हललं नाही. जाड्या पाहुण्याले पातळ व्हा म्हणता येत नाही म्हणून घराच्या भिंती पाडाव्या, तसं चाललं होतं. शेवटी प्लायवूडवर रूळ अन् वैराण जमीन एवढंच उरलं अन् गाडी हळूहळू, कण्हत, पण फिराले लागली. मोठे बाबा माझ्याकडे असे पाहाले लागले की जशी जर्मनी हरली.

मोठ्याई मात्र त्या खोलीवर डोळा ठेवून होती. स्मृति नगरात कोचिंगची पोरं खोल्या शोधत हिंडत असतात. बालोदची, राजनांदगावची, पाठीवर बॅग अन् हातात आईनं दिलेला डबा. दर दोन दिवसांनी एखादं पोट्टं फाटकात उभं राहायचं, "आंटी, कमरा मिलेगा?" अन् मोठ्याई त्या बंद दाराकडे पाहत म्हणायची, "बेटा, उसमें ट्रेन रहती है." एक दिवस तिनं निकाल लावला. पोळी वाढता वाढता, आवाज न चढवता.

"अवो, यंदा महालक्ष्म्यांसमोर ती गाडी चालवा. साऱ्यांसमोर. एक फेरा नीट झाला तं खोली तुमच्या गाडीची. पडली तं मी दसऱ्याच्या आधी पोट्ट्याले देते."

"पडते कशाले?" मोठे बाबा म्हणाले, अन् वरणाचा एक शिंतोडा माझ्या बाहीवर आला. "दिलं वचन."

आमच्याकडच्या महालक्ष्म्या म्हणजे ज्येष्ठा अन् कनिष्ठा, दोघी बहिणी, ज्यांले पुण्याकडे गौरी म्हणतात. तीन दिवसांसाठी माहेरी येतात. लोखंडी स्टँडवर मुखवटे बसवून, साड्या नेसवून उभ्या करायच्या. अन् एकदा बसल्या की विसर्जनापर्यंत जागची सुई हलवायची नाही. दुसऱ्या दिवशी पुरणाचं जेवण, सोळा भाज्या, आंबील, वडे, अन् अर्धी भिलाई जेवाले. मोठ्याईचा यात हिशेब पक्का. हॉलच्या कोपऱ्यात देवींची जागा, समोर फुलोरा, अन् त्यापुढे खडूनं ओढलेली पंगतीची रेघ. त्या रेघेवर पहिल्या रांगेचे पाट लागतात. दरवर्षी तिथंच. मागं भिंत अन् पुढं ती रेघ, मोठे बाबांच्या रेल्वेले जी काही जमीन होती ती एवढ्यातच.

देवी बसायच्या आदल्या दिवशी मोठे बाबांनी नुसते स्टँड उभे करून त्यांच्याभोवती सुतळी फिरवली. दीडचीच. प्लायवूडच्या पट्ट्या टाकल्या, रूळ ठोकले, अन् मग प्लांटची रीत. तिथं नवीन लाइन टाकली की आधी एक रिकामी वॅगन सोडून पाहतात. मोठे बाबांनी कुठून तरी एक बुटकी वॅगन आणली, ती इंजिनाले जोडून फिरवली. स्टँडच्या बाजूनं वॅगन मजेत निघून गेली. "लाइन क्लिअर!" मोठे बाबांनी मिशीवर हात फिरवला. लंबे डबे खोक्यातच होते. ते देवीच्या दिवशीच काढायचे, नवे कपडे सणाले काढतात तसे.

देवी बसायच्या दिवशी संध्याकाळी मोठ्याईनं त्यांले साड्या नेसवल्या. आता ही गोष्ट प्लांटमध्ये कोणी शिकवत नाही, कारण भट्टी काही साडी नेसत नाही. मोठ्याईची नेसवण साऱ्या गल्लीत नाव काढलेली. कडक खळ दिलेल्या निऱ्या, एकेक पिन लावून, मोरानं पिसारा टाकावा तशा खाली पसरवलेल्या. धाकट्या देवीच्या निऱ्या पसरल्या, पसरल्या, अन् रुळापासून दोन बोटांवर येऊन थांबल्या. मी पायलं. मोठे बाबांनी पण पायलं. कारण ते एकदम छताकडे पाहाले लागले.

"मोठे बाबा," मी हळूच म्हटलं, "अजून वेळ आहे. मोठ्याईले म्हणा पंगत हातभर मागं घे. पावणेतीनची सुतळी आरामात बसते."

"तिले? मी सांगू?"

"मग काय मी सांगू?"

"अरे, पंगतीची रेघ आहे ती. माह्या आईपासून देवीपुढं तेवढ्याच अंतरावर आहे." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "अन् तिले जागा मागितली तं ती म्हणेल, दीडचं बसत नव्हतं ना?"

म्हणजे बघा. ज्या माणसानं आगीच्या हंड्यापुढं चालत जिंदगी काढली, त्याले बायकोले हातभर जागा मागायची हिंमत नव्हती. "दोन बोटं पुरतात बे," ते म्हणाले. "आमी तिथं एका बोटावर गाडी काढली."

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली पंगत बसली. मोठ्याई स्वयंपाकघरात वड्यांच्या कढईपाशी, बाकी बाया वाढून राहिल्या होत्या. मी मित्राचा कराओके स्पीकर आणला होता, मोठा, दिवे लागणारा. मोठे बाबांनी धुतलेला कुर्ता घातला होता, खांद्यावर नवा गमछा, अन् सहा लंबे लाल डबे इंजिनामागं लागून उभे होते. खोटं कशाले बोलू, रुबाब होता. जेवणारे पानावरून मान वर करून पाहून राहिले होते. मोठे बाबांनी गमछा खाली केला अन् मी माईकमध्ये बाईचा आवाज काढला.

"यात्रीगण कृपया ध्यान दें! गाड़ी संख्या शून्य शून्य एक, स्मृति नगर से चलकर, भिंडी, करेला, कद्दू के रास्ते, पुरनपोली जंक्शन को जाने वाली सुपरफास्ट एक्सप्रेस, मोठे बाबा की कृपा से प्लेटफार्म पर आ रही है!"

पंगत हसली. एकाले आंबीलचा ठसका लागला. गाडी निघाली. इंजिन वळणात शिरलं, निघालं. पहिला डबा पोट आत घालत गेला, निऱ्यांले घासून, पण गेला. मोठे बाबा श्वास धरून उभे. दुसरा डबा गेला. तिसऱ्या डब्यानं धाकट्या देवीच्या निऱ्यांची कड धरली, पिन त्याच्या बुडात अडकली, अन् डबा थबकला. इंजिन पुढून ओढून राहिलं, मागचे तिघं ढकलून राहिले. अन् मग ते तिघंही एका पाठोपाठ एक आतल्या बाजूले कलंडले. पंगतीत पुरण जास्त झालेले तीन म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर झोपावे तसे.

हॉलमध्ये नुसतं इंजिन जागच्या जागी कुईं करून राहिलं होतं. मोठे बाबांनी बटण बंद केलं. त्यांच्या चेहऱ्याकडे मले पाहवेना. खोली गेली होती, अन् साऱ्या पंगतीसमोर गेली होती. मले जे येते ते मी केलं. तोंड उघडलं.

"यात्रीगण कृपया ध्यान दें! कनिष्ठा देवीजी ने चेन खींच दी है! देवीजी मायके से जाने को तैयार नहीं हैं!"

मी तर फक्त हशा काढाले म्हटलं होतं. पण पहिल्या पाटावर कोहका वस्तीतल्या काकू बसल्या होत्या, ज्यांले लहानमोठे सारेच काकू म्हणतात. त्यांनी हातातला घास खाली ठेवला, देवीकडे पायलं, अडकलेल्या निऱ्यांकडे पायलं, अन् त्यांचे डोळे भरून आले.

"अवो माय! पदरानं गाडी धरली बाईनं! जायचंच नाही म्हणते माहेरातून!"

झालं. पंगत अर्ध्यावर उठली. कोणी हात जोडले, कोणी मोबाईल काढले. शेजारचे भैया खरकट्या हातानं "जय हो, साक्षात हो गया" म्हणत पुढं आले. काकूंनी तर इंजिनाले हळदकुंकू लावलं. मोठे बाबांची रेल्वे एका मिनिटात देवस्थान झाली. आता अशा गाडीले खोलीतून कोण काढते? मी माईक बाजूले धरून त्यांच्या कानात म्हटलं, "मोठे बाबा, हो म्हणा. खोली वाचली. नुसते हात जोडा."

मोठे बाबा त्या कलंडलेल्या डब्यांकडे पाहून राहिले होते. मग त्यांनी गमछा घडी करून खांद्यावर ठेवला.

"नाही," त्या गलक्यातच ते म्हणाले. "काकू, देवीनं नाही धरली. माझं चुकलं. वळण आखूड पडलं."

मले वाटलं मी चुकीचं ऐकलं. काकूंलेही तसंच वाटलं. "असं कसं म्हणता भाऊजी? साऱ्यायनं पायलं ना!"

"डबा अकरा इंचाचा आहे काकू. त्याले दीड फुटाचं वळण पुरत नाही. देवी उभी असो का मंत्री उभा असो, पडलाच असता. या पोट्ट्यानं मले सांगितलं होतं. मी नाही ऐकलं. माझं चुकलं."

इकडे मी घाबरलो. हा माणूस हातात आलेली खोली स्वतः सोडून राहिला होता. म्हणून ते बोलून राहिले तेव्हाच मी स्वयंपाकघराच्या दारापाशी ठेवलेल्या स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला अन् त्यांच्या बोलण्यावरून गाडी नेली: "यात्रियों को हुई असुविधा के लिए हमें खेद है! यात्रियों को हुई असुविधा के लिए हमें खेद है!" हॉल दणाणून राहिला होता. त्या दणक्यात मोठे बाबा माझ्या कानाशी आले अन् ओरडून म्हणाले, "कारण खोटं सांगू नये बे! एक्सिडेंट देवावर टाकला तं रूळ कोणीच नीट करत नाही. अन् पुढच्या पाळीचा माणूस त्याच वळणावर जाते." असं म्हणून ते खाली बसले अन् देवीले जराही धक्का न लावता, दोन बोटांनी, ती पिन सोडवाले लागले. मोठ्याई वड्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून आली तोपर्यंत सारं संपलं होतं. तिनं आडवे डबे पायले अन् वडे वाढाले लागली.

तिसऱ्या दिवशी देवी गेल्या. संध्याकाळी मोठे बाबांनी कोणी न म्हणता ताईच्या खोलीतले खिळे उपटाले सुरुवात केली. प्लायवूडच्या मागून टक, टक, असा आवाज येऊन राहिला होता. मी स्वयंपाकघरात मोठ्याईसोबत पितळेच्या पराती पुसून राहिलो होतो. मले वाटलं हीच वेळ आहे.

"मोठ्याई, राहू दे ना त्यांले ती खोली. एकच तर शौक आहे."

"खोली मी पोट्ट्याले देणार. बोलली तं बोलली," ती म्हणाली. "अन् ती गाडी हॉलमध्ये टाका म्हणा, सोफ्याच्या जागी. सोफ्यावर बसते कोण? तितं त्यांचं मोठं वळण बसते का नाही?"

मी मनातल्या मनात सुतळी फिरवली. "बसते. चौपटचं पण बसते."

"मग झालं. मले खोली नकोच होती रे. दार लावून बसत होते ते, तेवढं नको होतं. प्लांटात होते तवा महालक्ष्म्यांले दरवर्षी त्यांची ड्यूटी. ताट झाकून ठेवत होती मी. रिटायर झाले, वाटलं आता घरी येतील. तं आले अन् आतून कडी लावली." तिनं परात उलटी ठेवली. "अन् हातभर जागा काय यांले माझ्याकडे मागता येत नव्हती? पंगतीची रेघ खडूची आहे, पुसता येते. पण हे काही म्हणणार नाहीत. चूक यांची कधी असतच नाही ना."

"असं नको म्हणू. काल म्हणले ते."

"काय म्हणले?"

"माझं चुकलं, म्हणले. काकूसमोर. दोनदा."

मोठ्याईच्या हातातलं फडकं थांबलं. टक, टक, आतून अजून आवाज येऊन राहिला होता.

"कवा?"

"गाडी पडल्यावर. तू वडे तळून राहिली होती."

"मले कावून नाही ऐकू आलं?"

मी परात आणखी जोरात पुसाले लागलो. पण स्पीकर तिथंच दाराआड उभा होता, अन् तिनं त्याच्याकडे पायलं, मग माझ्याकडे. अन् मग आली ती गाडी. आवाज न चढवणाऱ्या मोठ्याईचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आतली टकटकही थांबली.

"मेल्या! तू बोंबलून राहिला होता! 'हमें खेद है, हमें खेद है'! तुले कशाचा खेद होता रे? ज्याले खेद होता त्याले बोलू द्यायचं असते ना! लग्न होऊन या घरात आली तवापासून वाट पाहून राहिली मी त्या एका वाक्याची. जनरेटर फुटला तवा नाही म्हणले, अलमारी अडकली तवा नाही म्हणले. अन् ज्या दिवशी म्हणले त्या दिवशी मी दहा पावलांवर, कढईपाशी, अन् मधात तू! माईक घेऊन! आता पुन्हा कवा म्हणतील ते? आँ? सांग ना. कवा म्हणतील?"